उरलेली बाही

रद्दीतून आलेलं पुस्तक ते,
पुठ्ठा गेलेला, शेवटची पानं वाळवीनं नेलेली.
टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून मी मोठ्यानं वाचायची
आणि नायना हौदात लडी फिरवायचा,
कोपरापर्यंत निळा.

चीनमध्ये एक सुतार होता, नायना.
मो म्हणत त्याला.
एकदा रंगाऱ्याच्या दारात थांबला
आणि रडलाच.
पांढरं सूत, ज्या हौदात पडेल त्याचंच होऊन जातं म्हणून.

"रडायला काय झालं बे त्याला?
रंग कच्चा लागला असंल."
पण त्या दुपारी लड बुडवण्याआधी
नायना जरा थांबला.
तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होता
बहुतेक,
पांढरं.

त्या सुतारामागं माणसं जमली.
पोथीवाली नव्हेत, चाकं घडवणारी,
हाताला घट्टे पडलेली, जाडंभरडं नेसणारी.
मयताला उधळपट्टी नको म्हणायची.
"बरोबर आहे."
गाणंबजावणंही नको.
"हे जास्त झालं,"
मार्कंडेयाच्या रथापुढं झांज वाजवणारा माझा बाप म्हणाला.

आणि म्हणायची,
दुसऱ्याच्या बापावर तेवढीच माया करा
जेवढी आपल्या बापावर.
पानं कातरणारी आईची कात्री थांबली.
सुपात अर्धा हजार विड्या.
"मग आपल्या बापाला काय राहिलं?
घागर आपली आधी भरावी,
उरलं तर द्यावं की."
मी म्हटलं, आई, तिथले मोठे पंडितही हेच म्हणाले होते.
"शहाणी माणसं,"
आई म्हणाली, आणि कात्री पुन्हा सुरू.

मे महिना.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
मागच्या बोळाचं बोअर गचकलं.
त्या बोळात इरण्णा बिज्जरगी,
एका वीतभर भिंतीवरून सात वर्षं
आमच्याशी कोर्टात.

नायनानं हौदाची कळकाची काठी काढली,
खाचा पाडलेली, रंगाचं पाणी मोजायची.
घरटी चार खाचा.
इरण्णाला चार.
आम्हालाही चारच.
"काठीला कुठं कळतंय कोण कुणाचं,"
एवढंच बोलला.
पाच दिवस रंगकाम बंद,
व्यापाऱ्याच्या शिव्या फोनवर,
आणि आई दोन दिवस मुकी;
ताटात कडक भाकरी पडायची
तिचाच काय तो आवाज.

त्याच आठवड्यात ती गोष्ट आली.
मोठं राज्य छोट्यावर चालून निघालेलं,
आभाळाला टेकेल अशी शिडी बांधून.
हा सुतार दहा दिवस, दहा रात्री चालत गेला.
पाय सोलले, सदरा फाडून बांधले.
"किती फाडला?"
पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, एक बाही.
तिथं त्यानं कमरेचा पट्टा जमिनीवर मांडला,
म्हणाला, हे शहर. या आता.
नऊ वेळा आले, नऊ वेळा अडवले.
लढाई राहिली.

परतताना, नायना, पाऊस लागला.
वाचवलेल्या त्याच शहराच्या वेशीत
तो आडोशाला गेला
आणि पहारेकऱ्यानं हाकललं.
ओळखलंच नाही.

नायना काही बोलला नाही.

मंगळवारी तारीख होती.
इरण्णा आला, वकील घेऊन,
घरी धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र धोतरात.
केस मागं घेतली नाही.
पुढची तारीख पडली, दिवाळीनंतरची.

बाप भर उन्हाचा चालत आला.
रिक्षाचे वीस रुपये वाचवून
आईसाठी तंबाखूचा पुडा.
पाय हौदाच्या कडेला सोडून बसला,
म्हणाला,
"भिजला. मग पुढं?"
पुढची पानं नाहीत, नायना.

त्यानं काठीनं पाणी ढवळलं.
तळाचा निळा वर आला, हळूहळू, ढगासारखा.

"गेला असंल पुन्हा कुठं तरी," म्हणाला.
"एक बाही उरली होती की."