ब्याऐंशी अंश

झालमी मास्तर म्हणाले, हीटर चालत नाही.
मी हसलो. वाळपईत हीटर?
इथे लोक एसीचा गॅस भरायला येतात,
हीटरचं बटण गाडीसोबत
कोरंच्या कोरं भंगारात जातं.

ते हसले नाहीत.
मंगळवारी नि शुक्रवारी बेळगाव, म्हणाले,
पहाटे साडेचारला निघतो.
चोर्ल्यात धुकं, काच आतून पांढरी,
तिला शाल, शालीवर माझा स्वेटर,
आणि जाळीतून विहिरीतल्यासारखी हवा.
कणकुंबी आली तरी काटा पावावर.
जांबोटीच्या उताराला तोही खाली बसतो.

तिला काय झालंय ते मी विचारलं नाही.
आठवड्यातून दोनदा बेळगावला कोण कशाला जातं
ते वाळपईत विचारावं लागत नाही.

गाडी रात्रभर ठेवा, म्हटलं.
तापलेलं इंजिन खरं सांगत नाही.
त्याला पहाटे गाठायचं,
तोंड धुवायच्या आधी.

सहाला शटर वर केलं.
गल्लीच्या टोकाला पोदेराचा भोंपू.
पाणी भरलेलं, हिरवंगार. बेल्ट ठीक. पंप कोरडा.
हीटरच्या दोन्ही नळ्या मोकळ्या.
मग चावी फिरवली आणि
रेडिएटरच्या वरच्या नळीवर पंजा ठेवून उभा राहिलो,
पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

ती थंड राहायला हवी होती,
सात-आठ मिनिटं तरी.
इंजिनाने ऊब आधी आपल्यापुरती साठवायची,
पुरेशी झाली की मगच दार उघडायचं.
ही दुसऱ्याच मिनिटाला कोमट.
म्हणजे थर्मोस्टॅट अडकलाय, उघडाच्या उघडा.
सापडलं! बरं वाटलं.
डॉक्टरलाही वाटत असेल का असं,
सांगायच्या आधी, क्षणभर?

दोन बोल्ट, दहाचा पाना.
एक गंजलेला. त्याला तेल पाजलं, थांबलो,
उंडा चहात बुडवून खाल्ला.
झाकण निघालं.
आत थर्मोस्टॅट नव्हता.

अडकलेला नाही, तुटलेला नाही. नव्हताच.
नुसती गोल खाच,
आणि कडेने लाल सिलिकॉन, अंगठ्याने ओढलेलं,
डावीकडे जाड होत गेलेलं.
तो अंगठा मी ओळखतो.
कायतान मेस्त डावखुरा होता.

मी सोळाचा. ट्रे धरायचो.
एप्रिलात गाड्या उकळायच्या होंड्याच्या चढावर,
खाणीच्या ट्रकांमागे, पहिल्या गिअरात.
मेस्त थर्मोस्टॅट उपटायचा, बिस्किटांच्या डब्यात फेकायचा:
"काड रे तें. गोंयांत खंयची थंडी?"
डबा वाजायचा. मी मोजायचो.
एकोणचाळीसपर्यंत मोजले.
गाड्या उकळायच्या थांबल्या, लोक खूश,
मेस्त गेल्यावर मीही काढत राहिलो.
मोजणं तेवढं सोडलं.

नवा म्हापशाहून आला, कदंबच्या कंडक्टरच्या हाती.
खोक्यावर छापलेलं, ब्याऐंशी अंश.
चहाच्या टोपात पाणी ठेवलं,
दोऱ्याला बांधून आत सोडला.
बुडबुडे धरले. काही नाही.
अजून काही नाही.
मग पितळ हललं, नखभर, मग बोटभर.
आत वाटाण्याएवढं मेण असतं,
त्याला कळतं कधी.
एवढ्या वर्षांत हे बघायला
मी एकदाही थांबलो नव्हतो.

मास्तर आले. गाडी चालू केली.
नवव्या मिनिटाला काटा मध्यावर.
त्यांनी जाळीसमोर हात धरला
आणि बराच वेळ काढला नाही.
बाहेर तेहतीस डिग्री, शर्ट पाठीला चिकटलेला.

मग पाकीट उघडत, सवयीने:
जुना पार्ट परत द्या हं.

जुना नव्हताच, मी म्हटलं.
चोरीला गेला होता की काय?
फळीवर डबा होता. मी तिकडे बघितलं नाही.
बिलावर 'मजुरी' लिहिलं
आणि पेन झटकत बसलो,
जणू शाई संपली होती.