चीमलु

अक्का, पायात चीमलु चालतायत, म्हणाला राजेशम.
चीमलु म्हणजे मुंग्या. घरात आम्ही तेलुगूच बोलतो.
मी पानात तंबाखू भरत होते, हजार पुरी व्हायची होती,
मान वर केली नाही.
त्याला भिंतीतून माणसं दिसायची,
कारखान्यात मागाच्या खटखटीत
कुणीतरी त्याचं नाव घ्यायचं.
मुंग्या तर साध्याच.

सिव्हिलला मंगळवारी सांगितलं, मुंग्या म्हणतो.
लिहून घेतलं. अर्धी गोळी होती, एक झाली.
गोळी चांगली आहे, खोटं नाही बोलणार.
झोप देते. भूकही देते.
दोन वर्षांत बत्तीसची कंबर चाळीस झाली.
समोरची अंबूबाई म्हणाली,
बाळसं धरलंय गं तुझ्या भावानं!
मला वाटलं, बराच होतोय.

रात्री उठून तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
मी ओरडायचे त्याच्यावर.
कारखान्यानं छाटलेल्या माझ्या विड्या तोच ओढायचा,
खोकायचा.
छातीला नळी लावून कुणी ऐकलं नाही.
सगळे कपाळाकडं बघायचे,
मानेखाली राजेशम नव्हताच कुणाला.

मे महिन्यात, एका पहाटे, मोरीत काळी रेघ.
रात्री तो जिथं बसला होता
तिथून उंबऱ्यापर्यंत,
ताण्याच्या सुतासारखी सरळ.
खऱ्या मुंग्या.

मी खाली बसले.
मग आत जाऊन त्याचा पाय उलटा केला.
अंगठ्यात खिळा. कधीचा, कोण जाणे.
दुखलाच नव्हता त्याला.

साखर चारशे ऐंशी निघाली.
अंगठा गेला, शेजारचं बोटही.

आता दोन केसपेपर आहेत,
दोन इमारती, दोन खिडक्या.
या कागदाला तो कागद ठाऊक नाही.
मी धोट्यासारखी इकडून तिकडं.
नव्या डॉक्टरीणबाई कंबर मोजतात, वजन लिहितात,
विडीचं विचारतात,
तेव्हा मी माझे हात पदराखाली घेते.

काल रात्री परत म्हणाला,
अक्का, चीमलु.
कुठं रे?
गेलेल्या अंगठ्यात.

हजाराला अजून साठ कमी होत्या.
सूप बाजूला ठेवलं.
दिवा लावला.
बघितलं.