सेकंदाला एकोणीस

भाचा म्हणतो, प्रोसेसर बदल, मावशी,
आठ वर्षांचा झाला, दमला बिचारा.
ह्लीनुर मासे गोठवायच्या कारखान्यात असतो,
त्याला प्रत्येक गोष्टीची मुदत पाठ.

मी एकतीस वर्षं ईसाफ्यॉर्दुरच्या टॉवरमधून
वैमानिकांना वारा सांगितला.
दिशा, नॉट, झोत.
अंदाज सांगायची मुभा नव्हती.
म्हणून म्हटलं, आधी मोजू.

उघड्या समुद्रावर सेकंदाला बावन्न फ्रेम,
पाणी कसं सायीसारखं सरकतं.
फ्योर्डच्या तोंडाशी एकतीस.
आणि अगदी आत,
जिथे पंख डोंगराकडे झुकवून
अख्खं विमान माघारी फिरवायचं असतं,
तिथे एकोणीस.
डोंगर मग जवळ येत नाही, उड्या मारतो.
आत्ता तिकडे होता, आत्ता काचेवर.

मग चित्राची धार बोथट केली.
समुद्र राखाडी, घरं म्हणजे साबणाच्या वड्या,
बर्फ नुसता सांडलेला चुना.
पुन्हा त्याच वळणावर गेले.
एकोणीस.
नोव्हेंबरातल्या ढगासारखा ठाम, हलायलाच तयार नाही.
ग्राफिक्स कार्ड हाताची घडी घालून उभं,
आणि प्रोसेसरच्या आठ गड्यांतला
एकटा घामाघूम, बाकी सात भिंतीला टेकलेले.
कोण कोणासाठी खोळंबलंय ते कळलं.

म्हणजे ह्लीनुरचं बरोबर होतं.
मला ते आवडलं नाही.

पण नवा प्रोसेसर एकटा थोडाच येतो?
जुन्या खोबणीत मावत नाही,
वऱ्हाड घेऊन येतो: मदरबोर्ड, मेमरी, थोरला पंखा.
मिळून एक लाख अठरा हजार क्रोना.
एकोणिसाचे तीस होतील, फार तर.
अकरा फ्रेम.
मी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला
आणि पाकीट उलटं ठेवलं.

फुकटचाही एक मार्ग निघाला.
गावातली घरं कमी केली: सत्तावीस.
धक्क्यावरच्या बोटी काढल्या: एकोणतीस.
झाडं आमच्याकडे नव्हतीच, त्यामुळे तिथे काही वाचलं नाही.
वळण रेशमी झालं. डोंगर शहाण्यासारखा बाजूने गेला.
खाली वाळूची रिकामी जीभ,
तिच्यावर ना माझं तांबड्या पत्र्याचं घर,
ना इंगवेल्दुरची बेकरी, ना टॉवर.
धावपट्टी तेवढी होती.
उतरले. छान उतरले.
उतरून कुठे जायचं, ते मात्र सुचेना.

खऱ्या विमानात मला मळमळतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे.
हे वळण मी फक्त खालून पाहिलं,
मान वर करून, कॉफी गार होईस्तोवर.
केतिल निवृत्त झाला त्या दिवशी मी विचारलं,
वळणात वर काय दिसतं रे?
तो बराच वेळ बूट पाहत राहिला.
म्हणाला, तुझी खिडकी.
दिवा लागलेला असला की तेवढं पुरतं.

घरं परत लावली, बोटीसुद्धा.
एकोणिसावरच पुन्हा गेले, अडखळत, ठेचकाळत.
एका उडीत डोंगर, दुसऱ्या उडीत बेकरी,
तिसरीत टॉवर यायला हवा होता,
ती फ्रेम गळली.

शुक्रवारी रेक्याविकच्या दुकानात फोन केला.
पोरगा आवाजावरून विशीतला.
वऱ्हाडासकट सगळं लिहून घेतलं,
मग म्हणाला, पार्सल विमानाने येईल, सोमवारी,
पण तुमच्याकडचा वारा कसा असेल कोण जाणे.

मी खिडकीशी गेले.
धक्क्यावरचं झेंड्याचं फडकं पाहिलं
आणि त्याला वारा सांगितला.
दिशा, नॉट, झोत.