भाड्यापोटी एक टेकडी

मे लागला की ते येतात.
खाडीवरचा बर्फ फुटून जेमतेम पंधरवडा झालेला,
जाळी शिवून आमची बोटं अजून सोललेली,
आणि हे धक्क्यावर उतरतात,
काखोटीला तिकाटणं, डोक्यावर गवती टोप्या,
उतरल्या उतरल्या मान वर करून म्हणतात : काय हा उजेड!

उजेड.
आम्ही इथेच जन्मलो, पण त्याला अशी
नाव घेऊन हाक कुणी मारली नव्हती.

एका अंगाला बाल्टिक, एका अंगाला खाडी,
मधे ही वाळूची चिंचोळी पट्टी.
टेकडी चालते इथे. वर्षाला दहा-बारा पावलं,
वारा पिसाळला तर वीस.
माझ्या आईचं माहेर तिच्या पोटात आहे :
चौदा घरं, शाळा, क्रूस लावलेली दफनभूमी.
चर्चची घंटा तेवढी आधी उतरवून घेतली
म्हणून वाचली.

चितारी तिलाच काढतात.
सकाळी गुलाबी, दुपारी पांढरी,
संध्याकाळी अशी काही जांभळी
की मिकेल म्हणाला, आजारी दिसते, दूध पाजा तिला.

ऑक्टोबरात मात्र ते नसतात.
उत्तरेकडून कावळे उतरतात तेव्हा नसतात.
जाळ्यात सापडलेल्या कावळ्याला आम्ही दातांनी मारतो,
कवटीवर एकच चावा, त्याला कळायच्या आत.
मग पिंपात मीठ, आणि हिवाळाभर रस्सा.
हे कुठल्या चित्रात नाही.
नसू दे. आम्हीसुद्धा पाहुण्यांना सांगतो,
कबुतर आहे.

क्योनिग्सबर्गची ओटिलिये दोन उन्हाळे
आमच्या माळ्यावर राहिली.
जाळं घेऊन उभी राहा म्हणाली, हलू नका.
म्हटलं, मासा हलतो, टेकडी हलते,
मीच तेवढी का नको?
ती हसली नाही. कागद बदलला.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या बापानं पैसे थांबवले.
जाताना ती एक चित्र ठेवून गेली, दोन हात लांब.
मागे लिहिलेलं : माडलिने पेलेइकिस यांस, भाड्यापोटी.
मिकेलनं ते उलटंसुलटं पाहिलं.
टेकडी? भाड्यात?
एक फुकट मिळाली आहे की दाराशी!

रंग छान होता. खोटं कशाला बोलू.
पण बडीशेपेच्या गोळीसारखा छान;
जिभेवर धरावा, आणि संपावा.

नोव्हेंबरच्या वादळात धुरीघराच्या दाराची फळी गेली.
लाकूड नव्हतं.
मिकेलनं खिळे काढले आणि चित्र ठोकलं,
टेकडी आतल्या बाजूला.

हिवाळाभर आत बाम मासे टांगलेले,
खाली पाईनच्या सुक्या शंकूंचा धूर,
चरबी टपटपायची, उडायची.
मार्चमध्ये कंदील घेऊन गेले
आणि दारातच थांबले.
करपट तपकिरी, तेलकट, जागोजागी तडकलेली,
वर आभाळ नावालासुद्धा नाही :
आईनं मला खिडकीतून बाहेर काढलं,
कारण दार वाळूनं भरलं होतं,
त्या पहाटेची टेकडी.
मी चार वर्षांची होते.
मला वाटत होतं, विसरले आहे.

मे लागला. ओटिलिये आली.
मिकेल होडीचं निमित्त काढून खाडीत पळाला.
मी तिला धुरीघरात नेलं. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं,
ऐन वेळी एक शब्द आठवेना.
तिनं नखानं चरबी खरवडली. वास घेतला.
बराच वेळ काही नाही.
मग विचारलं, किती दिवस लागले?
म्हटलं, एक हिवाळा.

त्या वर्षी गवती टोप्या परत गेल्या,
ती गेली नाही.
ऑक्टोबरात आमच्यामागे वाळूवर ओणवी बसली,
मिकेलचा जुना कोट घालून, नाक वाहत.
पहिला कावळा मी तिच्या हातात दिला.
तिनं दोन्ही हातांनी धरला, घट्ट,
तो धडधडत होता, ती पाहत होती.
वही कुठे पडली होती,
संध्याकाळपर्यंत तिला आठवलं नाही.