अर्थिंग

खोकं आलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला होते.
वॉचमनने ते पाण्याच्या मोटरवर ठेवलेलं,
चिकटपट्टीवर एक मुंगी फिरत होती.

आत एक धड, एक मान,
अजून एकमेकांना न भेटलेली.
पिशवीत स्क्रू, सहा खुंट्या, वेटोळं केलेल्या तारा
आणि घडीचा कागद : चित्रं,
चित्रांखाली चिनी वळणाची अक्षरं.

"वाजवता येतं तुला?" क्षेमकल्याणी काकूंनी दारातूनच विचारलं.
नाही.
"मग?"
मग काय. पाय ओलांडून घरात आले.

अंबडला मी बेअरिंगच्या रिंगा तपासते,
एकोणीस वर्षं.
दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले की लाल स्टिकर,
पुढची रिंग.
घरी मान खाचेत बसेना
तेव्हा कळलं, अर्धा मिलिमीटर म्हणजे केवढी वाट असते.
दोनशे चाळीस नंबरच्या कागदाने घासत राहिले.
भुसा चहावर पडला. तसाच प्यायले.

रंग पेंटशॉपच्या गांगुर्डेने दिला,
बंद झालेल्या कुठल्याशा स्कूटरचा निळा,
डब्याच्या तळाला उरलेला.
"न्या मॅडम, हा आता कुणाच्याच ऑर्डरमध्ये नाही."
रविवारभर गॅलरीत, कपड्यांच्या दोरीला टांगून
तीन हात मारले.
खालून पोरं : मावशी, काय वाळत घातलंय?
तिसऱ्या हातावर एक डास येऊन बसला
आणि राहिला.
चिमटा घेऊन गेले होते. मग म्हटलं असू दे,
पाथर्डी फाट्याचं कुणीतरी त्यात हवंच.

ब्रिजची जागा : नटपासून सहाशे अठ्ठेचाळीस.
कॅलिपर पुरेना, कंपनीतून पोलादी पट्टी आणली.
तीनदा मोजलं, चौथ्यांदा मोजून
ड्रिल हातात घेऊन नुसती उभी राहिले.
पाडलेलं भोक
परत लाकूड होत नाही.

डाग द्यायला मात्र हात अडला नाही.
सातपूरची आयटीआय, शहाण्णव साल,
अख्ख्या बॅचमध्ये मुली दोनच, मी आणि शबाना पिंजारी.
राळेचा धूर नाकात गेला
आणि शबाना बाकाच्या पलीकडून म्हणाली,
आधी तार तापव, मग शिसं.
ती मालेगावला असते म्हणे. फोन नंबर नाही.

मंगळवारी रात्री भाच्याचा उसना अँप जोडला.
बटण दाबलं.
गूंऽऽऽ
डीपीखाली उभं राहिल्यासारखं.
तारांवर हात ठेवला, तसंच.
प्लगच्या धातूला बोट लागलं,
गप्प.
बोट काढलं, गूंऽऽऽ

पिशवी उलटी केली तर कोपऱ्यात
वीतभर काळी वायर.
चित्रात ठिपक्याठिपक्यांनी काढलेली होती,
मला वाटलं, छपाईचा दोष.
साडेअकरा वाजता सगळं पुन्हा उघडलं,
ब्रिजखालून ती ओढून घेतली, डाग दिला.

आता तारांवर हात असला की शांत.
उचलला की बारीक गुणगुण परत येते.
"आत्या, तो आवाज थोडा तुझ्यातूनच येतो," फोनवर भाचा म्हणाला,
"हवेतली वीज अंग गोळा करतं, आणि गिटार ऐकते."
म्हणजे मशीनं, ट्यूबलाइटी, बसमधला इन्व्हर्टर,
एकोणीस वर्षांचं काय काय
या हाडांमधून चाललेलं असतं
आणि मी म्हणायचे, घरी आलं की कान वाजतात.

तळवा तारांवर ठेवून बराच वेळ बसले.
काही न वाजवता.
मग जाड तार, एकटीच, मोकळी.
बोटाखाली, दाताखाली, खाटेच्या पायात.

काकूंनी भिंतीवर दोन थापा मारल्या.
तक्रार असेल. ठेकाही असेल.
सकाळी फर्स्ट शिफ्ट होती.

अजून एकदा, जाड तार.