पेव

हौसाक्कांच्या दंडावरची मसुराएवढी कातडी,
तिच्यातनं मिरजेत, काचेच्या ताटलीत,
आठ महिन्यांत वाढला हा मेंदूचा तुकडा.
परवा तपासणीला आल्या मालगावहून.
"दाखव की," म्हणाल्या. वाकून बघितलं.
"खातंय काय गं?"
साखरपाणी, म्हटलं.
"आन झोपतंय?"

फॉर्मवर त्यांचा अंगठा आहे. कातडीपुरता.

रात्री पडद्यावर रेघा उठतात,
थांबतात, मग सगळ्या मिळून एकदम उठतात.
सर म्हणतात, नुसता करंट. असेल.
शुक्रवारी ब्लीच ओतायचं, माझ्या सहीनं.

आमचे दादा हरिपूरला हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.
आत हवा आहे का, एवढंच विचारायचं असायचं.

मी काय सोडू या ताटलीत?
आणि विझलंच, तर काय समजू:
आत कुणी नाही,
की आहे, आणि त्याचा जीव गुदमरतोय?

आज गुरुवार. साखरपाणी बदललं.
नोंदवहीत शेऱ्याचा रकाना कोराच असतो नेहमी.
लिहिलं:
झोपतं का, माहीत नाही.