डी-सतरा

रविवारीही जावं लागतं.
पेशींना वार कळत नाही.
डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात,
टे नदीवरचा पूल अर्धाच दिसतो,
उरलेला धुक्याने ठेवून घेतलेला.

कार्ड, दार, दुसरं दार, हातमोजे, स्पिरिट.
सदतीस अंशांचं कपाट उघडलं
की चष्म्यावर वाफ धरते.
गुलाबी पाणी पिवळं पडलं असेल तर समजायचं,
भुकेल्या आहेत.
आई विरजण लावताना दुधात करंगळी बुडवायची,
कढत नको, गारही नको.
मी तेच करते,
फक्त करंगळी बुडवता येत नाही.

डी-सतरा.
फायलीत एवढंच : पुरुष, वय एकाहत्तर, उजवा दंड,
चार मिलिमीटर कातडी.
त्या कातडीला आम्ही कातडीपण विसरायला लावलं.
हजारांत एखादीच पेशी विसरते, बाकीच्या हट्टी.
जी विसरली तिच्या लेकीबाळींना
नव्याने शिकवलं, मेंदू व्हायला.
धागे फुटले त्यांना, एकमेकींकडे निघाले,
वीज गेल्यावर भिंत चाचपावी तसे.

सप्टेंबरात देणगीदारांना बोलावलं होतं.
पैसे देणारे आणि कातडी देणारे, एकाच रांगेत चहाला.
भाषणं संपली तरी एक म्हातारा रेंगाळला.
आर्ब्रोथचा. घड्याळं दुरुस्त करायचो, म्हणाला,
आणि त्या 'करायचो'पाशी जरा थांबला.
नाव विचारायचं नसतं.
त्याने आपणहून सांगितलं, गिल्बर्ट कारगिल,
सतरा नंबर.
"माझं काही बघता येईल?"

नियमात बसत नव्हतं.
आमच्या प्रमुख मॉर्व्हेनबाई
छतावरचा एक डाग निरखू लागल्या.
मी डिश काढली.

डावा डोळा मिटून, भिंग लावल्यासारखा,
तो पडद्याकडे बघत राहिला. पुष्कळ वेळ.
"या थरथरत नाहीत," तक्रारीच्या सुरात.
नाही, म्हटलं, एकेकटी थरथरत नाही.
आतला केर साठत जातो,
काढून टाकता येत नाही, मग दमतात.
"माझी बायको माझ्याबद्दल हेच सांगायची."

उठताना आधाराला त्याने टेबलावर हात ठेवला.
पडद्यावरचं सगळं झाड
मुळांपासून टोकापर्यंत लटलटलं.

"हां," तो म्हणाला, "आता ओळखीच्या वाटतात."
सगळे हसले, तो सगळ्यांत मोठ्याने.
मी टेबलाची कड धरून उभी होते,
कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

आज एका खणात पाणी गढूळ दिसतंय.
बुरशी. पूर्ण प्लेट ब्लीचमध्ये.
गुलाबी, पिवळं, मग काहीच नाही.
बाकीच्या दोन बऱ्या आहेत,
शिवाय नायट्रोजनच्या टाकीत तीन कुप्या
अजून काहीच न ठरवता झोपलेल्या.

भिंगाखाली चित्र स्थिर आहे.
इमारतीत कुणी नाही.
कोपराने टेबलाला हळूच धक्का देते.
एकदाच.

मग वही : चार वाजून दहा मिनिटं.
डी-सतरा. खाणं दिलं. ठीक.